नागूबायचा जबडा

“बाय, तुजा हात लय थंड हाय गो.”

दातांच्या फटीतून आलेला तो आवाज मला अजून ऐकू येतो. शब्द बाहेर येत होते आणि तोंड उघडत नव्हतं. दार लावून घेतलेल्या घरातून, खिडकीच्या गजांमधून कोणी बोलावं तसं. मी हात एकमेकांवर चोळले, थोडी ऊब आणली आणि पुन्हा तिच्या कानापुढच्या खळगीवर ठेवले. आता बरा, असं पुटपुटून तिनं डोळे मिटले. माझ्या बोटांखाली तिचा जबडा होता. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, उघड.

एकवीस वर्षं झाली त्याला. मी चोवीस वर्षांची होते. फिजिओथेरपीची पदवी घेऊन कऱ्हाडहून पेणला आले होते आणि डॉक्टर लोंढे नावाच्या एका दंतवैद्यांनी त्यांच्या दवाखान्याची मागची खोली मला दिली होती. एक पलंग, एक स्टूल, शेकाच्या पिशव्या, भिंतीवर हाडांचं चित्र. माझ्याकडे यायचे ते गुडघे, पाठी, आखडलेले खांदे. जबडा घेऊन आलेली नागूबाय मोकल पहिलीच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, उजव्या जबड्याच्या सांध्याचा त्रास, तोंड कमी उघडते, व्यायाम द्यावा. खाली सही.

तिच्याबरोबर तिची मुलगी होती, वैजंता. बावीस वर्षांची, बारावी झालेली, सावळी, बोलताना पदराऐवजी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. तिनंच मला सांगितलं की आई धवलारीण आहे. मला तो शब्द नवीन होता. वैजंता म्हणाली की आमच्या आगरी लोकांत लग्नातले धवले गाणारी बाई असते. हळद दळायला घेतली तिचं गाणं, मांडवात देव बोलावले त्यांचं गाणं, नवरीला न्हाऊ घातलं त्याचं. धवलारीण गाईल तसं लग्न पुढं सरकतं. ती थांबली की सगळे हात थांबतात. खाडीकाठच्या खारेपाटातल्या दहा-बारा गावांत आईशिवाय मांडव उभा राहत नाही.

“तीनशे लग्नां लावली मी,” नागूबाय फटीतून म्हणाली. “एक बी नवरी परत नाय आली. तुजां झायलां काय?”

मी नाही म्हटलं. तर ती हसली, आणि हसता हसता गालावर हात दाबून कळवळली.

तिची बोली मला तेव्हा अर्धीच कळायची. आज आठवताना तिला माझं वळण लागलेलं असणार, पण आवाज तिचाच आहे.

तोंड किती उघडतं ते पाहायची एक सोपी रीत आहे. ज्याचं तोंड त्याचीच बोटं. तीन बोटं एकमेकांवर उभी धरून दातांमध्ये गेली पाहिजेत. नागूबायनं बोटं धरली. कामाची, जाड, पेरांवर भेगा पडलेली बोटं. एक गेलं. दुसरं नखापर्यंत गेलं आणि अडलं. मी पट्टी लावून मोजलं. एकोणीस मिलिमीटर. चाळीस हवे होते.

“गाता येतं का?” मी विचारलं.

उत्तर वैजंतानं दिलं. दिवाळीआधीच्या एका साखरपुड्यात आईनं सुरुवात केली आणि दोन कडव्यांत तिचा आवाज दातांतच घुसमटला. दुसऱ्या गावची बाई बोलवावी लागली. घरी आल्यावर आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

“माघात हिचां लगीन हाय,” नागूबायनं लेकीकडे बोट केलं. “नवरा जहाजावर. पंधरा दिसांची सुटी, मंग तो गेला तो वरीसभर. लोकांच्या लेकी मी गाऊन पाठवल्या. माजी मुक्यानी पाठवू?”

माघाला तीन महिने होते. मी म्हटलं, करू आपण.

दर सोमवारी आणि गुरुवारी त्या दोघी सकाळच्या एसटीनं यायच्या. मी आधी शेक द्यायची, मग चावायच्या स्नायूवर अंगठ्यानं गोल गोल दाबत खाली यायची. नागूबायचा तो स्नायू दोरखंडासारखा वळलेला असायचा. मग जीभ टाळूला लावून तोंड उघडायचं, मिटायचं. दहादा. मग आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर खेपेला एखादी वाढवायची. सहा काड्यांवर सुरुवात झाली.

नुसता ‘आ’ करायला ती कंटाळायची. आ तर भुकेला मानूस बी करतो, म्हणायची. म्हणून एका गुरुवारी मी सांगितलं, मावशी, आ नको, गाणं म्हणा. जिथे ओळ लांबते तिथे तोंड उघडंच ठेवा. ती माझ्याकडे पाहत राहिली. मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही, नुसत्या खोलीत कसं गायचं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं वैजंताला समोर बसवलं आणि डोळे मिटले.

मांडवाचे दारी गो, कोन उभी ऱ्हायली,
लेकीची माय गो, हलदीनं न्हायली.

बारीक, चिरका, फटीतून येणारा आवाज. तरी खोली भरली. पुढच्या दालनात दातांचं यंत्र फिरत होतं ते थांबलं. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. ‘माय’ म्हणताना जबडा खाली गेला आणि तिथेच राहिला, व्यायामात जायचा त्याहून दोन-तीन मिलिमीटर अधिक. मी घाईनं पट्टी लावली. बावीस.

मी थांबा म्हटलं तर ती थांबली नाही. पुरतं गाणं झालं तेव्हाच तिनं डोळे उघडले. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, सुरू केलेला धवला अर्ध्यात टाकायचा नाही. देवाला बोलावून पाटावर बसवायचं आणि आपण उठून जायचं, असं होतं ते.

त्या दिवसापासून माझं वेळापत्रक कोलमडलं. गुडघे आणि खांदे बाहेर बाकावर बसून असायचे आणि आत एक धवला पूर्ण होत असायचा. कोणी कुरकुर करत नव्हतं. एक म्हातारे शिक्षक तर गुरुवारचीच वेळ मागून घ्यायला लागले. डॉक्टर लोंढे एकदा पडदा सरकवून डोकावले आणि सगळ्यांदेखत हसून म्हणाले की आमच्या बाई आता दवाखान्यात लग्नं लावणार. मला ते आवडलं. भिंतीवर मी नागूबायच्या नावाचा एक आलेख चिकटवला होता. एकोणीस, बावीस, तेवीस, पंचवीस. निळ्या पेनाची रेघ वर वर जात होती. इतक्या दिवसांत माझ्या हातानं कोणाचं काही असं डोळ्यांदेखत उघडलेलं नव्हतं.

मार्गशीर्षातला तो गुरुवार होता. काड्या नऊवर येऊन अडल्या होत्या. मी ठरवलं की आता सांधा हातानं मोकळा करायचा. त्यासाठी हातमोजा घालून अंगठा आत न्यावा लागतो. खालच्या दाढांवर टेकवायचा आणि जबडा खाली, मग किंचित पुढे ओढायचा. नागूबायनं डोळे मिटले. अंगठा दाढांवरून मागे सरकला. शेवटच्या दाढेच्या मागे, जिथे मऊ लागायला हवं होतं, तिथे काही तरी कडक लागलं.

भातात खडा लागावा तसं. खडा जिभेनं बाजूला होतो, हे झालं नाही.

मी बॅटरी लावून पाहिलं. चिंचोक्याएवढा पांढरट चट्टा, कडेला लाल, खरबरीत. हातमोज्यावर रक्ताचा पुसट डाग आला होता.

दुखतं का, मी विचारलं. तिनं मानेनं नाही म्हटलं. कधीपासून आहे, तर म्हणाली की भात लावलं तेव्हापासून, अक्कलदाढ घासते. मिशेरी लावता का, तर म्हणाली, कोण नाही लावत.

आषाढापासून. पाच महिने.

मला ठाऊक होतं. शंका आली वगैरे असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, पण शंका नव्हती ती. पुस्तकातलं ते पान, त्यावरचं ते चित्र, त्याखालची ओळ, सगळं जसंच्या तसं समोर आलं. तोंड न उघडण्याचं कारण सांध्यात नसलं तर कुठं कुठं शोधावं, याची ती यादी होती आणि तिसरं कारण माझ्या अंगठ्याला लागलेलं होतं.

मी हातमोजा काढला, हात धुतले आणि डॉक्टरांच्या दालनापर्यंत गेले. ते एका पेशंटच्या तोंडावर वाकले होते. आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका बाईच्या हिरडीबद्दल मी काही बोलले होते, तेव्हा त्यांनी शांतपणे मला सुनावलं होतं की तुम्ही सांधे बघा, तोंडातलं आम्ही बघतो. नागूबायला तपासून चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. त्यांच्या नजरेतून हे सुटलं, असं मला त्यांच्या दारात उभं राहून म्हणायचं होतं. खोली त्यांची होती. माझे निम्मे पेशंट त्यांच्या चिठ्ठीवर येत होते.

त्यांनी मान वर न करता विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, कापूस संपलाय.

कापूस घेऊन मी परत आले. नागूबाय पलंगावर बसून लेकीच्या वेणीचा गुंता सोडवत होती. दोघी कशावर तरी हसत होत्या. मी म्हटलं, आज ओढायचं राहू दे, गाणं म्हणा. पुढच्या वेळी बोलू, असं मी ठरवलं. सोमवारी.

सोमवार आला, गुरुवार आला.

रेघ वर जायची थांबली. चोवीस. तेवीस. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी कोणालाच दिसली नसती. तोंड मोजायचं असतं ते आल्या आल्या, शेकाआधी, गार असताना. मी शेकानंतर मोजायला लागले. चोळून, गाणं झाल्यावर, सगळं ऊबदार आणि सैल असताना. मग पंचवीस यायचे. तेच मी लिहायची. निळी रेघ सरळ राहिली. भिंतीवरच्या त्या रेघेकडे नागूबाय येता-जाता पाहायची. तिला आकडे येत नव्हते, पण रेघ खाली वळली नाही हे तिला कळत होतं.

काड्या मी दहा केल्या. मग अकरा. अकराव्या काडीला तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, कानशिलावरून केसांत जायचं. ती माझं मनगट धरून ठेवायची, पण हात बाजूला करायची नाही. एवढं दुखत असताना ती मला एकच विचारायची.

“माघापातूर उघरंल ना गो?”

“उघडेल, मावशी.”

पौषात एकदा ती एकटी आली. वैजंता हळदीची तयारी करत होती. मी दार लावून घेतलं. रात्री झोप नव्हती मला, घासही गोड लागत नव्हता. मी म्हटलं, मावशी, एकदा मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवून यायला हवं.

तिनं विचारलं, कशाला? मी तिच्याकडे पाहिलं. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकवून ती बसली होती, पाय जमिनीला न टेकणारे, लहान मुलीसारखे अधांतरी. तिच्या तळव्यांना हळद लागली होती. दोन महिन्यांत तिचा गाल आत गेला होता आणि मला तो दर खेपेला पाहून दिसेनासा झाला होता.

“सांध्याचा फोटो काढायला,” मी म्हटलं. “इथे निघत नाही तो.”

“फोटोच ना?” तिचा चेहरा मोकळा झाला. “मंग माघ झाल्यावर जाऊ. आता गेलो तं अरकून पराचां. नवरा जाईल निंगून जहाजावर.”

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की माझं मलाच हलकं वाटलं. विचारलं होतं, ती नको म्हणाली होती. तिनं कशाला नको म्हटलं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

माघातल्या त्या सकाळी मी तिच्या गावी गेले. खाडीच्या बांधावरून वाट होती, दोन्ही अंगांना कापणी झालेली शेतं आणि पलीकडे पांढरी चमकणारी मिठागरं. मांडवात बायका दाटीनं बसल्या होत्या. मला पाहून कोणी तरी ओरडलं की डॉक्टरीण आली. मला पुढं नेऊन पाटावर बसवलं. एकीनं माझ्या गालाला हळद लावली, दुसरीनं पेला पुढं केला. हिनं नागूचं तोंड उघडलं, असं एक म्हातारी शेजारणीला सांगत होती. शेजारीण माझ्या हातांकडे पाहत होती. मी ते मांडीखाली घेतले.

नागूबाय हिरव्या लुगड्यात उभी होती. मला पाहून तिनं नुसती मान हलवली, काम करणारं माणूस हलवतं तशी. आणि ती गायली. सकाळपासून दुपार ढळेपर्यंत गायली. देवांना बोलावलं, जलदेवीला बोलावलं, गावाच्या वेशीला, मेलेल्या सासूला बोलावलं. आवाज दबका होता, पण ती तो बायकांच्या डोक्यांवरून फिरवत होती आणि बायका उचलत होत्या. दर दोन गाण्यांनंतर ती मागं वळायची आणि पदराच्या टोकानं तोंडाचा कोपरा टिपायची. सगळ्यांच्याच पदरांवर हळदीकुंकवाचे डाग होते. तिच्या पदरावरचा डाग मी एकटीनं ओळखला.

पाठवणीच्या वेळी शेजारणींनी तिला बस म्हटलं. लेकीची आई ते गाणं म्हणत नाही, दुसरीनं म्हणायचं असतं. तिनं ऐकलं नाही. वैजंता दारात उभी होती, मुंडावळ्या कपाळावर घसरलेल्या. नागूबायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

लेकी तुझे वाटं गो, मी नाय येयाची,
उंबऱ्याचे आतशी, माय तुझी ऱ्हायाची.

तिसऱ्या ओळीला तिचा जबडा अडला. मला दिसलं ते. ओठ हलले, आतून हुंकार आला, शब्द आला नाही. तिनं पुन्हा तोंड उघडून पाहिलं. नाही. मग ती तशीच, मिटल्या दातांनी, सूर धरून उभी राहिली आणि मांडवातल्या बायकांनी तिचे शब्द उचलून शेवटपर्यंत नेले. सगळ्या रडत होत्या. लेक जाताना रडतातच. मी रडत होते त्याला कोणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली. वाकून पलंगावर बसली आणि म्हणाली, झालां माजां काम, आता तुजा फोटो कारू. मी तिला डॉक्टर लोंढ्यांकडे नेलं. या वेळी मी दारात थांबले नाही. त्यांनी आरशानं आत पाहिलं, आरसा बाहेर काढला, पुन्हा आत घातला. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मुंबईसाठी चिठ्ठी लिहिली. मला बाहेर बोलावून ते हळूच म्हणाले की दिवाळीला मी बघितलं तेव्हा तिथं काही नव्हतं, किंवा मला दिसलं नाही. आणि मला विचारलं, तुम्हाला कधी काही जाणवलं का? मी नाही म्हटलं.

फाल्गुनात मुंबईला ऑपरेशन झालं. चैत्र-वैशाखात किरणं दिली. मला बातम्या कळायच्या त्या गुडघेदुखीच्या पेशंटकडून, एसटीत ऐकलेल्या. नागूची नळी काढली. नागूला पेज जाते. भिंतीवरचा आलेख मी कधीच फाडून टाकला होता.

श्रावणात एका गुरुवारी पडदा सरकला आणि वैजंता आत आली, आईला धरून.

मी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. उजव्या बाजूचा खालचा जबडा नव्हता. छातीचं मांस आणून गाल बुजवला होता, त्याची कातडी वेगळ्या रंगाची होती. हनुवटी एका बाजूला ओढली गेली होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची ती टिपायला गळ्याशी पंचा बांधला होता. डोळे तेच होते. त्या डोळ्यांनी ती माझी खोली पाहत होती, पलंग, स्टूल, हाडांचं चित्र, आणि जिथे निळी रेघ होती ती भिंत.

मुंबईच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, तोंड उघडण्याचे व्यायाम द्यावेत.

तेच व्यायाम. शेक मात्र चालणार नव्हता, किरणं दिलेल्या कातडीला. मी तिला बोटं धरायला सांगितली. तिनं एक बोट उभं धरलं आणि ते सुद्धा अर्धंच गेलं. मी पट्टी लावली. या खेपेला गार मोजलं. अकरा.

वैजंता मध्येच उठून पिशवी घेऊन आली. आत एक साडी होती, मोरपंखी, काठाची. लग्नातच आईनं काढून ठेवली होती डॉक्टरताईंना, द्यायची राहून गेली, असं ती म्हणाली. माझ्या हातात तिनं ती ठेवली. घडी कोरी होती. मला ती धरवेना आणि खाली ठेवताही येईना.

नागूबाय काही तरी म्हणाली. मला कळलं नाही. शब्दांना कडाच राहिल्या नव्हत्या. वैजंतानं सांगितलं की आई म्हणते, तुझ्यामुळे गायले.

मग वैजंता बोलतच राहिली. बरेच दिवस कोणाशी बोलली नसावी. गावात या साली लग्नं आहेत आणि लोक तिला विचारतात, तू म्हण, तू लेक आहेस तिची. तिला येत नाही. तुकडे येतात, चार ओळी इथल्या, सहा तिथल्या. आई म्हणायची की तुझं लग्न होऊ दे, मग बसून शिकवीन, तीनशे धवले आहेत, दोन पावसाळे लागतील. आता आई सांगते तेव्हा शब्द कळत नाहीत. काल दोघी एका ओळीवर सकाळभर बसल्या होत्या. आई तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, वैजंता हा शब्द का तो शब्द म्हणून विचारत होती, आणि शेवटी आईनं भिंतीकडे तोंड केलं.

“मुंबईचे डॉक्टर म्हणाले,” वैजंताची ओढणी बोटाला गच्च गुंडाळली गेली होती, “मार्गशीर्षात आणलं असतंत तर एवढासाच तुकडा काढला असता. जबडा वाचला असता. त्या वेळी मी साड्या बघत होते, ताई. आईचा गाल आत गेलेला दिसत होता मला. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं आणि तारीख मोडली असती. माझे मालक जहाजावर आहेत, फोन करतात, मी उचलत नाही. मला त्यांच्याशी बोलवत नाही. माझ्या लग्नापायी आईचं तोंड गेलं.”

नागूबायनं पंचा सोडून लेकीचा हात धरला आणि जोरजोरानं मान हलवली, नाही नाही. काही म्हणू लागली. अर्धा जबडा हलला, लाळ गळली, एक लांब घोगरा आवाज आला आणि त्यात एकही शब्द नव्हता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. वैजंता ओंजळीत तोंड घालून बसली होती, तिनं पाहिलंही नाही.

बाहेर बाकावर पेशंट वाट पाहत होते. पलीकडे दातांचं यंत्र फिरत होतं. मी गप्प राहिले असते तर कोणालाही कधीच कळलं नसतं. वैजंता उठली असती, आईला धरून एसटीला गेली असती, पुढच्या गुरुवारी आली असती, आणि जन्मभर ते ओझं तिनं स्वतःचं म्हणून वाहिलं असतं. मी साडी पलंगावर ठेवली. नागूबायच्या समोर स्टूल ओढून बसले. माझा जबडा आवळला गेला होता, कानापाशी कळ येत होती. दात एकमेकांवरून सुटेनात.

“वैजंता, हात काढ तोंडावरचे,” मी म्हटलं. “तुझ्या लग्नापायी नाही झालं हे. मावशी, तुम्हीपण ऐका. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मी तुमच्या तोंडात अंगठा घातला तेव्हा ते माझ्या हाताला लागलं होतं. मी बॅटरी लावून पाहिलं होतं. काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं होतं. फोटोचं खोटं होतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही.”